मॅडमचं चालणं

"थोडं सैलच ठेवा हं, ताई," असं म्हणून मॅडम दुकानाच्या दाराकडे बघायच्या. कुणी ऐकलं नाही याची खात्री झाली की पुन्हा हळूच म्हणायच्या, "अजून थोडं."

माझं दुकान नाशिकला इंदिरानगरच्या एका गल्लीत, दत्ताच्या देवळासमोर आहे. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, पिको-फॉल असली कामं. इतकी वर्षं मापं घेतल्यावर मला एक कळलंय, अंगाला टेप लागला की बाई मोकळं बोलायला लागते. मॅडम मात्र टेप लागला की श्वास कोंडून धरायच्या. "सोडा श्वास," मी म्हणायची. "सोडलाय," असं त्या म्हणायच्या आणि चेहरा लालबुंद. मग मी अंदाजाने माप वाढवायची आणि आत भरपूर कापड राखायची, पुढे उसवून वाढवता यावं म्हणून.

मॅडम एका पतसंस्थेच्या काउंटरवर होत्या. पन्नाशीच्या अलीकडच्या, एकट्या राहणाऱ्या, अंगाने भरलेल्या. भरलेल्या म्हणजे जाड. उगाच शब्द मऊ करण्यात अर्थ नाही, कारण तो त्यांना सगळ्यांनी ऐकवून झाला होता. घरच्यांनी मायेने आणि बाहेरच्यांनी फुकट. काउंटरमागे त्यांचा आवाज खणखणीत असे. "स्लिप नीट भरा. रांगेत या. पुढचे." तिथे माणूस कमरेच्या वरच दिसतो म्हणून ही नोकरी आवडते, असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. मला वाटलं, गंमत करतायत.

अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील. लग्नात भिंतीकडेची खुर्ची धरणाऱ्या, फोटो काढायची वेळ आली की कुणाच्या तरी खांद्याआड जाणाऱ्या. आपण त्यांना शांत स्वभावाच्या समजतो. मॅडम मुळीच शांत नव्हत्या. दुकानातल्या स्टुलावर बसल्या की पाय हलायचा, टाचण्यांची डबी उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. डबी काढून घेतली तर खडूचे तुकडे करायच्या. त्यांच्याजवळ बसून माझाही जीव चुळबुळायला लागायचा.

एका पावसाळ्याच्या शेवटी त्यांनी देवळातल्या औदुंबराला रोज प्रदक्षिणा घालायला सुरुवात केली. मी दुकान सकाळी लवकर उघडते, काळ्या कापडावरची काळी शिवण त्या उजेडात नीट दिसते म्हणून. समोर मॅडम, साडी नेसलेल्या, अनवाणी, हात जोडलेले. बाकीच्या बायकांचे प्रदक्षिणा घालताना ओठ हलतात, बोटांच्या पेरांवर मोजणी चालते, पादुकांसमोर आल्या की क्षणभर थांबतात. मॅडम थांबत नसत. मोजतही नसत. मधूनच पदर सावरायचं निमित्त करून मनगटावरचं घड्याळ बघत. मला ते खटकायचं. पण दुसऱ्याच्या भक्तीला कात्री लावणारी मी कोण?

गल्लीला काहीच खटकलं नाही. गल्लीने परस्पर ठरवून टाकलं की नवस आहे. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू, ज्यांना दुसऱ्याच्या घरातलं कळलं नाही तर सकाळचा चहा गोड लागत नाही, त्यांनी एक दिवस मॅडमना पारावरच गाठलं.

"काय मागितलंय हो देवाकडे?"

"सगळ्यांचं भलं होवो," मॅडम घाईघाईत म्हणाल्या.

"मग आमच्या प्राजूच्या नावाने जास्तीच्या दोन घालत जा. स्थळं येतात आणि चहा पिऊन जातात."

मॅडमना नाही म्हणता आलं नाही. मग कुणाची बदली आली, कुणाचे गुडघे आले, कुणाच्या नातवाचा व्हिसा आला. देवळात आता त्यांना वाट करून देत. काही बायका चक्क पाया पडायला वाकत, तेव्हा मॅडम दचकून बाजूला होत आणि वेग वाढवत. लोकांना त्यात तळमळ दिसे.

दत्तजयंतीला गुरुजींनी त्यांना शाल आणि नारळ दिला. "अशी निष्ठा आजच्या काळात दुर्मीळ आहे," असंही माइकवरून म्हणाले. फोटोसाठी त्यांना पुढच्या रांगेत ओढून उभं केलं. फोटो झाल्याबरोबर मॅडम तडक माझ्या दुकानात आल्या आणि नारळ कटिंगच्या टेबलावर ठेवला.

"हा तुम्ही ठेवा, ताई. मला चोरी केल्यासारखं वाटतंय."

"चोरी कसली?"

"मी देवासाठी चालत नाही. वजनासाठी चालते."

मी कात्री खाली ठेवली. मॅडम स्टुलावर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या आणि मग सगळं सांगितलं. धाकटा भाऊ मनमाडला रेल्वेत होता. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा तो गाडीने नाशिकला यायचा, डायलिसिसच्या मशीनवर पडून राहायचा आणि संध्याकाळी परत जायचा. बायकोची किडनी जुळत नव्हती, आई थकलेली. मॅडमची जुळेल असं दिसत होतं.

"मग अडलं कुठे?"

"डॉक्टर म्हणाले, इतक्या वजनाच्या बाईची काढणार नाही. आधी वजन उतरवून या."

कुणाची स्लिप चुकलीय हे सांगावं तशा आवाजात त्या हे बोलल्या. भावाला यातलं काही माहीत नव्हतं. "मला जमलंच नाही तर? त्याला आशा लावायची आणि माझ्या अंगापायी परत घ्यायची, हे नाही व्हायचं माझ्याच्याने."

"पण मग देवळात कशाला? जॉगिंग ट्रॅक आहे की."

त्यांनी टेबलावरचा खडू उचलून मोडला. मग कळलं की सगळ्यात आधी त्या ट्रॅकवरच गेल्या होत्या, नवे बूट घालून. पहिल्या वळणावर पोचल्या आणि समोर जमलेल्या पंधरा-वीस माणसांनी त्यांच्याकडे तोंड करून, हात वर करून, हसायला सुरुवात केली. मॅडम तिथूनच मागे फिरल्या.

तो हास्यक्लब होता. रोज सकाळी तिथे गोल करून ही मंडळी हसतात, माणसांना हसतात, झाडांना हसतात, काहीच नसलं तरी हसतात.

मला इतकं हसू आलं की तोंडावर कापड धरावं लागलं.

"हसा, तुम्हीपण हसा," मॅडम म्हणाल्या. "हास्यक्लब आहे हे मला घरी पोचल्यावर कळलं. पण एकदा फिरलेले पाय फिरलेच. देवाभोवती जाड बाई चालली तर कुणी हसत नाही, ताई. हात जोडतात."

माझं हसू तिथेच विरलं.

थंडी वाढली तशा त्या लंगडायला लागल्या. गार फरशीवर अनवाणी चालून टाचा इतक्या दुखावल्या की सकाळी पाय जमिनीला टेकवेना. डॉक्टरांनी सांगितलं, अनवाणी चालणं बंद, बूट घाला. देवळात बूट घालून कोण फिरू देणार? म्हणजे एक तर चालणं सोडायचं, नाहीतर ट्रॅकवर जायचं. त्या दिवशी मॅडम माझ्या एवढ्याशा दुकानात येरझाऱ्या घालत होत्या. शिलाई मशीन, आरसा, दार, पुन्हा मशीन.

"पहाटे अंधारात जाईन."

"अंधारात कुत्री असतात."

"मग जेवणं झाल्यावर."

"तेव्हाही तीच कुत्री असतात."

मला राग येत होता. कुणाचा ते नीट कळत नव्हतं. "तुमचा भाऊ दिवसाढवळ्या येऊन हातात सुया टोचून घेतो," मी म्हटलं, "आणि तुम्हाला बूट घालून चालायची लाज." हे त्यांना लागलं. लागावं म्हणूनच मी बोलले होते. त्या आरशाकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काळ्या रंगाचा कुर्ता शिवून द्या." मी हिरवा शिवला.

पहिल्या दिवशी मी सोबत गेले. पूर्वी पाटाचं पाणी जायचं तिथे आता हा ट्रॅक आहे, दोन्ही बाजूंना झाडं आणि बाकं. मॅडम अगदी कडेने चालत होत्या आणि पुटपुटत होत्या, "तो बघतोय. त्या दोघी बघतायत. तो बाकावरचापण." बघत होतेच लोक. नव्या माणसाकडे आपणही बघतो. वळण जवळ आलं तशी त्यांनी माझं मनगट धरलं. हास्यक्लबची मंडळी ट्रॅकवरच गोल करून उभी होती. हात वर गेले आणि सगळे एकदम सुरू झाले.

आता ह्या पळणार, असं मी धरून चालले. तेवढ्यात बाजूने काउंटरवरचा आवाज आला.

"रस्ता सोडा. हसायचं असेल त्यांनी बाजूला रांगेत उभं राहून हसा."

वर गेलेले हात वरच राहिले. मग ती सगळी पोक्त माणसं मुकाट्याने बाजूला सरकली आणि खरोखरच रांगेत उभी राहिली. मॅडम त्यांच्यासमोरून गेल्या. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि ते हसणं क्लबचं नव्हतं. मॅडमचे कान लाल झाले, पण पाय चालत राहिले. त्या काही एकदम धीट झाल्या नव्हत्या. पूर्ण फेरीभर त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, एवढं खरं.

काकूंनी आठवड्याभरातच त्यांना ट्रॅकवर पकडलं. "प्रदक्षिणा सोडल्या की काय?"

"मी देवळात व्यायामच करत होते, काकू. आता इथे करते."

काकूंनी हे पचवायला वेळ घेतला. "आणि प्राजूच्या फेऱ्या?"

"त्या धरूनच चालतेय."

त्या वर्षात मी तो हिरवा कुर्ता पुन्हा पुन्हा आत घेतला. शिवणीजवळची जुनी भोकं मोकळी राहायची, तिथून त्या किती कमी झाल्या ते दिसायचं. एकदा त्यांचा भाऊ शर्ट घेऊन दुकानात आला. सुकलेला, पण बोलका माणूस. डायलिसिसच्या सुयांनी डावा हात फुगला होता, म्हणून ती बाही मोठी करून हवी होती.

"ताई लय वाळली," तो म्हणाला. "तिला काय दुखणं तर नाय ना? मला सांगत नाय ती. तुमच्यापाशी बोलत असंल." त्याच्या डोळ्यांत खरी काळजी होती. मी तोंडात टाचण्या धरल्या आणि नाही म्हणून मान हलवली.

मग एकदाचे डॉक्टर म्हणाले, आता पुढच्या तपासण्या करू. मॅडमनी त्याच संध्याकाळी भावाला सांगितलं. तो फोनवर नुसता रडला. तपासण्या सुरूही झाल्या. आणि एका दुपारी काउंटरवर त्यांचा फोन वाजला. अपघातात गेलेल्या कुणाच्या तरी घरच्यांनी त्याचे अवयव दिले होते, आणि किडनीच्या प्रतीक्षायादीत भावाचा नंबर लागला होता.

ऑपरेशन नीट झालं. मी पेढे आणले, त्यांनी आणले, काकूंनीही आणले. आणि मॅडम ट्रॅकवर यायच्या बंद झाल्या.

दवाखान्याची धावपळ असेल म्हणून मी आधी लक्ष दिलं नाही. पण भाऊ घरी गेला तरी त्या येईनात. शेवटी एक दिवस दुकानात आल्या आणि पुन्हा टाचण्यांच्या डबीशी खेळत बसल्या.

"आता कशासाठी चालू, ताई? आधी देव होता, मग भाऊ होता. कुणी हसलं की मनात म्हणायचे, तुम्हाला काय माहीत मी कशासाठी चालतेय. आता कुणी हसलं तर काय म्हणू?"

भाऊ वाचला याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता, आणि त्याच चेहऱ्यावर आधार काढून घेतल्यासारखी भीतीही होती. मी चहा मागवला.

थोड्याच दिवसांत भावाजवळ राहता यावं म्हणून त्यांनी मनमाडच्या शाखेत बदली मागून घेतली. जाताना मला बिलगल्या. नंतर फोन व्हायचे. भावाची तब्येत, आईचं दुखणं, तिथल्या पाण्याची टंचाई. चालताय का, हे विचारायचं माझ्या ओठांवर यायचं, आणि नाही असं उत्तर येईल म्हणून मी विचारायची नाही. सकाळी मशीनवर बसलं की तेवढाच विचार डोक्यात फिरायचा आणि शिवण वाकडी जायची.

मागच्या हिवाळ्यात बहिणीकडे जालन्याला चालले होते. सकाळची गाडी मनमाडला बराच वेळ थांबते. डब्यात चहावाले चढले, खिडक्यांशी माणसं गोळा झाली. समोरच्या सीटवरचा गृहस्थ बाहेर बघत बायकोला म्हणाला, "ती बघ, आता फलाटावरपण व्यायाम करायला लागलेत लोक." मीही वाकून पाहिलं.

फलाटाच्या पार टोकाकडून मॅडम येत होत्या. हात झुलवत, झपझप. अंगात दुकानातून तयार घेतलेला टी-शर्ट होता, चांगला अंगाबरोबर बसलेला. कमी केलेल्या वजनातलं बरंचसं परत आलं होतं, ते माझ्या नजरेला लांबूनच कळलं. बाजूला अख्खी गाडी उभी होती आणि जवळजवळ प्रत्येक खिडकीतून कुणी ना कुणी त्यांच्याकडे बघत होतं.

"मॅडम," मी हाक मारली. गजांतून हात बाहेर काढून हलवला. त्या माझ्या खिडकीवरून गेल्या, इतक्या जवळून की त्यांचा श्वास ऐकू आला. मी पुन्हा हाक मारली, पण तेवढ्यात भोंगा झाला आणि गाडी हलली. थोडा वेळ त्या आणि माझी खिडकी बरोबरीने चालल्या. मग गाडी पुढे निघाली. मला त्यांनी पाहिलंच नाही. खिडक्यांकडे त्यांचं लक्षच नव्हतं.