मायच्या नावाचं कार्ड

माझ्या मायला कधीच मत टाकायला मिळालं नव्हतं. दर निवडणुकीला ती धुवट लुगडं नेसून शाळेत जायची आणि टेबलामागचा माणूस मान वर न करता सांगायचा, "मावशी, तुमचं झालंय." कुणी टाकलं, ते कोण सांगणार? आम्ही बौद्ध वस्तीतले. नामांतराच्या दंगलीत घर जळालं, त्यात ती कोण हे सांगणारा कागदाचा कपटाही उरला नाही. "मुडदा बशिवला त्याचा!" म्हणत माय घरी यायची.

मी शिकून मास्तरीण झाले. फोटोची ओळखपत्रं निघाली तेव्हा माझी ड्यूटी नेमकी आमच्याच गावात लागली. परभणीच्या बैठकीत साहेब म्हणाले होते, "एका माणसाचं एक मत, आणि ते त्यानंच टाकायचं, हे साऱ्या जगानं मान्य केलंय. आता कार्डावर संगणक तोंडच छापणार. मग कोण लबाडी करतंय?" खोटं कशाला बोलू, मला तिथंच रडू आलं. घरी सांगितलं तर माय म्हणाली, "बघू."

पोखर्णीच्या रस्त्यानं जीप आली. कॅमेरा, संगणक, जनरेटर. भर दुपारी वर्गात पांढरा पडदा टांगला, पुढं खुर्ची ठेवली. पहिली म्हातारी बसली आणि तिनं डोळे मिटले. हात मांडीवर, हनुवटी वर. "आज्जी, डोळे उघडा की!" संगणकवाला ओरडला. तिनं उघडले आणि बटण दाबताना पुन्हा मिटले. दुसरीनंही तेच केलं. तिसरीला सुनेनं बसवलं, पदर सारखा केला आणि हुंदकाच दिला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं माणूस गेला की त्याला न्हाऊ घालून खुर्चीत बसवायचं, हार घालायचा आणि मानवतच्या फोटोवाल्याला बोलवायचं. जित्यापणी फोटो काढलाय कुणी? फोटोला कसं बसायचं हे या बायांनी मेलेल्यांचंच पाहिलेलं. संगणकाच्या काचेवर मिटल्या डोळ्यांचं एकेक तोंड थिजत होतं, आणि त्याच बाया बाहेर पारावर बसून बोलत होत्या.

माय तरातरा आली. खुर्चीत बसली, डोळे टक्क उघडे. "मी जिती हाय," ती कॅमेऱ्याला म्हणाली, "नीट काढ." संगणकवाला हसला. मला हसू आलं नाही. काचेवर उमटलेलं तोंड मी स्वतः पाहिलं. मायचंच होतं, गळ्याशप्पथ.

पावसाळा सरल्यावर कार्डं आली. मीच वाटली. मायचं हातात आलं आणि मी ते दोनदा वाचलं. नाव तिचं, गाव आमचं, आणि फोटो भलत्याच बाईचा. मायच्याच वयाची, ओठ घट्ट मिटलेली, सरळ आपल्याकडं बघणारी. आसपासच्या गावांत मी विचारून आले. तिला कुणीच ओळखेना.

"संगणकाची चूक असंल गं माय," मी म्हणाले, "आण इकडं, दुरुस्तीला देते."

मायनं कार्ड दिलं नाही. उंबऱ्यात बसून, उजेडाला धरून ती बघत राहिली.

"इतके दिस माझं मत कोण टाकायलंय ते कळत न्हवतं," ती म्हणाली. "थांब बाई. हिला मला नीट बघू दे."