एका बाटलीच्या बदल्यात युरियाचं पोतं

"सर, पिशवीत दही झालं."

सर धावत आले. डायलिसिसच्या पिशवीत पांढऱ्या गुठळ्या तरंगत होत्या. मेहनतीनं काढलेलं प्रोटीन गेलं होतं.

गोंदियातली आमची लॅब म्हणजे सर आणि मी, बस्स. मेंदूज्वराच्या व्हायरसचं एक प्रोटीन शुद्ध करायचं होतं. धानाच्या बांध्यांत, म्हणजे पाणी भरलेल्या खाचरांत, वाढणारे डास हा ताप पसरवतात आणि लहान पोरं त्यात सापडतात. आमचं प्रोटीन पुण्याच्या लॅबमध्ये उंदरांना टोचणार होते. त्यातून मोनोक्लोनल अँटिबॉडी करायच्या, म्हणजे एकाच पेशीच्या वंशातल्या, फक्त ह्याच प्रोटीनला धरणाऱ्या. मग त्यावर तपासणीचं किट. उंदरांचा आमचा नंबर सोमवारी होता. तो हुकला की काम पुढच्या वर्षावर.

अख्खा व्हायरस कोण पाळत बसणार? त्याचा एक जीन बॅक्टेरियात घालायचा आणि प्रोटीन त्यांच्याकडून करून घ्यायचं. पण बॅक्टेरिया महाचावट. प्रोटीनचे घट्ट गोळे करून ठेवतात. ते युरियात विरघळवायचे, निकेलच्या कॉलममधून, म्हणजे फक्त आपलं प्रोटीन धरून ठेवणाऱ्या नळीतून, गाळायचे, मग डायलिसिसच्या पिशवीत भरून युरिया हळूहळू बाहेरच्या पाण्यात झिरपू द्यायचा. तेव्हा कुठे प्रोटीन मूळ आकारात येतं. मी नको नको म्हणत असताना सरांनी तो एकदम काढायला लावला आणि त्याचं दही झालं!

"गोळे शिल्लक आहेत ना? परत करू," सर म्हणाले.

"गोळे आहेत. युरिया संपला."

कंपनीला फोन केला. माल सोमवारनंतरच येणार होता.

दुसऱ्या दिवशी सर स्कूटरवर पोतं घेऊन हजर. "ले आया! घरच्या शेतातला युरिया."

"सर, ह्याला कडुनिंबाचं तेल चोपडलेलं असतं. प्रोटीनची मालिश करायची आहे का?"

"अरे यार! बायकोला न सांगता आणलं हो."

मला हसू आवरेना. शेवटी कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या मॅडमना फोन लावला. त्यांच्याकडे शुद्ध युरियाची सीलबंद बाटली होती.

"आहे ना. पण कायले देऊ? माझं धान पिवळं पडून राहिलं, गावात युरियाचा दाणा भेटत नाही, अन् तुम्हाले प्रयोगाले पाहिजे!"

मी सरांकडे पाहिलं. सरांनी पोत्याकडे पाहिलं.

"मॅडम, पोतं पाठवू? बाटलीही नवीन आली की भरून देऊ."

"आत्ताच्या आत्ता पाठव, बाई!"

ह्या वेळी सरांना कोल्ड रूमच्या बाहेर खुर्ची टाकून दिली. मी युरिया थोडा थोडा कमी करत गेले.

"झालं का?"

"नाही."

"आता?"

"सर, चहा घ्या."

पिशवीतलं पाणी नितळ राहिलं. प्रोटीन वेगवेगळी करून दाखवणाऱ्या जेलवर एकच रेघ आली, म्हणजे दुसरं प्रोटीन मिसळलेलं नाही. सोमवारी उंदरांना टोचलं गेलं.

पुढे पुण्याहून फोन आला. अँटिबॉडी निघाली होती आणि नेमका तोच व्हायरस पकडत होती. मी लॅबमध्येच आनंदानं ओरडले. सर माझ्यापेक्षा मोठ्यानं.

प्रोटीन शुद्ध करायला काय लागतं, असं आता पोरं विचारतात. मी सांगते: युरिया, निकेल आणि साहेबांना बाहेर बसवायला एक खुर्ची.