नाला उतरेपर्यंत

किरगिझस्तानात मेडिकलला असताना पहिल्या उन्हाळी सुट्टीत मी आणि माझा रूममेट डोंगरात भटकायला गेलो. तो पांढरकवड्याचा, मी ढाणकीजवळच्या खेड्यातला. माझ्या शाळेच्या वाटेवर नाला होता, त्यामुळे पाण्यातलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी समजूत होती आणि ती मी त्याला सहा महिने ऐकवत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी नदी आडवी आली. पाणी गुडघाभरच, पण ओढ होती. पलीकडे मेंढपाळांचे तंबू दिसत होते. आमच्याजवळचं खाणं संपलं होतं.

"आत्ताच जाऊ," तो म्हणाला. "मले पोहता येत नाई."

"कायले घाई करून राह्यला? थांबलं की उतरते पाणी."

आमच्याकडे ते खरंच आहे. पूर आला की काठावर बसायचं, पाऊस थांबला की दोन-तीन तासांत नाला उतरतो. मी काठाशी खुणेचा दगड ठेवला आणि बॅग उशाला घेऊन पडलो. कडक ऊन होतं, आभाळात ढग नव्हता.

दुपारी दगड दिसेना.

"हे तं वाढून राह्यलं," तो म्हणाला.

पावसाचा थेंब नाही आणि पाणी वाढतंय, हे माझ्या डोक्यात शिरेचना. वर डोंगरात त्याच उन्हानं बर्फ वितळत होता; रात्रीच्या गारठ्यात ते थांबलं की सकाळी पाणी उतरतं. चूक कबूल करून दुसऱ्या सकाळपर्यंत थांबायला हवं होतं. पण मी हट्टाला पेटलो. "चाल, माह्या मागं ये," म्हणालो.

मध्यावर पाणी कमरेला लागलं. मागे वळलो तर तो उभा नव्हता, पाण्यावर फक्त त्याच्या पाठीवरची बॅग होती. पट्टा हाताला लागला आणि मी ओढत राहिलो. काठावर आणला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. मी इतका घाबरलो की त्याला मारायलाच लागलो, पाठीवर, गालावर. मग तो खोकला.

पुढच्या सुट्टीत पांढरकवड्याला त्याच्या घरी जेवायला गेलो. त्याच्या आईनं आग्रहानं दुसऱ्यांदा भाजी वाढली.

"यानं सांगतलं मले सगळं. तू होता म्हणून वाचला, बाबू."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून जेवत होता. त्यानं सगळं सांगितलं नव्हतं. मी सांगणार होतो, खरंच. तेवढ्यात ती त्याला म्हणाली, "आता कुठंही जाय, पण याच्याच संगं जाय."

मी वाढलेली भाजी संपवली.