सासूबाईंचं पातेलं आणि गाडीचं चेंबर

आमच्या घरात एक गोष्ट दर लग्नात कुणीतरी सांगतंच. बायकोच्या पातेल्याची केलेली चोरी कबूल करायला मी गाडी चढावर उलटी चढवली, ही ती गोष्ट. ऐकणारे माझ्याकडं कौतुकानं बघतात आणि मी खाली मान घालून पानाला चुना लावत बसतो. आता पन्नाशी आली. खरं काय ते लिहून टाकतो.

येलदरीला धरणाचं काम चालू होतं तेव्हाची गोष्ट. जिंतूरला मी आणि माझा साडू मिळून मिस्त्रीकाम करायचो. धरणावर माणसं ने-आण करण्यासाठी आम्ही एका मोडक्या जीपच्या सांगाड्यावर भंगारातल्या लॉरीचं इंजिन बसवायला घेतलं. इंजिनाच्या पोटाखाली तेलाचं पात्र असतं, त्याला आम्ही चेंबर म्हणतो. ते नेमकं पुढच्या अ‍ॅक्सलवर टेकलं. मग चेंबर कापून त्याचा खोल भाग अ‍ॅक्सलच्या पुढं घ्यायचा आणि तेल ओढणारी नळी वाकवून तिथवर न्यायची, एवढाच इलाज राहिला. पत्र्याचा डबा करून लावला, तो सांध्यांतून गळला. दुसरा केला, तोही गळला.

साडू म्हणाला, "बिनजोडाचं कायतरी पायजे, साडूभाऊ. ठोकून केलेलं. पातेल्यासारखं."

तो पातेल्यासारखं म्हणाला. माझ्या डोळ्यांपुढं पातेलंच आलं.

ते पितळी पातेलं बायकोला तिच्या आईनं लग्नात दिलेलं. त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी आईचं नाव घातलेलं. आई गेल्यापासून ते फक्त सणाला निघायचं. बायको बाजारात गेल्यावर मी ते उचललं, गळा कापला, चेंबरला जोडून रिव्हेट मारले, वरून कथिलाचा डाग दिला. एक थेंब गळेना! नावाची बाजू पुढं आली, हे ध्यानात आलं तोवर डाग थंड झाला होता. मी त्याच्यापुढं पोत्याचा पडदा बांधला. धूळ लागू नये म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं.

पोळ्याला बायकोनं घर पालथं घातलं. आदल्या आठवड्यात धाकटी बहीण, म्हणजे साडूची बायको, येऊन गेली होती.

"तिनंच नेलं असंल," बायको म्हणाली. "ल्हानपणापासून डोळा हाय तिचा."

मी म्हणालो, "असंल."

या एका शब्दानं दोघी बहिणींचं बोलणं बंद झालं. एका आडावर पाणी भरायच्या, पण दोघींची तोंडं दोन दिशांना. रोज ठरवायचो, आज सांगू. रोज जेवण बरं व्हायचं आणि राहून जायचं.

गाडी तयार झाली. नारळ फोडला आणि पहिल्या फेरीला घरच्या आणि शेजारच्या माणसांना धरण दाखवायला निघालो. दोघी बहिणी मागं पाठीला पाठ लावून बसलेल्या. अंगणात तेलाच्या दाबाचा काटा शिपायासारखा ताठ होता. येलदरीच्या अलीकडचा चढ लागला आणि काटा मान टाकायला लागला. मी इंजिन बंद केलं.

मागं बायको शेजारणीला सांगत होती, "वरण तळाला गेलं की पातेलं तिरपं करावं."

तेव्हा माझं डोकं चाललं. पातेलं तिरपं झालं की पळी खालच्या अंगाला घालतात. चढावर माझ्या पातेल्यातलं तेल मागं सरकलं होतं आणि नळीचं तोंड पुढच्या अंगाला. तसंच रेटलं असतं तर इंजिन जाम. गाडी उलटी चढवली तर तेल आपसूक नळीपाशी येणार होतं. फक्त गाडी हलकी करायला सगळे उतरून खालून चालत येणार, आणि गाडीचं तोंड, म्हणजे ते पातेलं, त्यांच्याकडं!

साडूला हळूच म्हणालो, "पोतं घट्ट बांधा."

"फिकीर करू नका," तो म्हणाला.

गाडी फिरवली आणि रिव्हर्समध्ये घातली. वाटेवरचा मेंढरंवाला ओरडला, "आवं, गाडी लाजायलीय का? पाठमोरी चाललीय!" सगळे हसले. अर्ध्या चढावर पोतं सुटून रस्त्यावर पडलं. साडू शेजारी चालत होता. सुतळी त्याच्या हातात होती.

"सुटली बगा," तो म्हणाला. चोर त्याचीच बायको ठरली होती, त्याला काय दोष देणार!

माथ्यावर गाडी थांबली. बायको वाकली. नावावरून बोट फिरवलं.

"आवं, हे तर आईचं!"

मी उडी मारून खाली आलो. तोंडातून निघून गेलं, "तुला दिसावं म्हणूनच उलटी चढवली. सांगायची हिंमत होत नव्हती."

बायको माझ्याकडं बघतच राहिली. मग बहिणीकडं वळली. धाकटी म्हणाली, "आक्का, माझ्या घरात न्हाई मावायचं एवढं मोठं पातेलं. चाकं हायेत त्याला." दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, मग हसल्या. पातेलं काढून द्या, असं बायको कधी म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी गुपचूप चेंबर उतरवलं, नळी मागच्या अंगाला वळवली. गाडी सरळ चढायला लागली. पुढच्या फेरीला धाकटीनं विचारलं, "काय दाजी, आज सरळ? कबूल करायचं कायी उरलं न्हाई वाटतं?"

"न्हाई," मी म्हणालो.

हे एवढं उरलं होतं.