खोडलेल्या खुणा

ऑफिस सुटेपर्यंत अंगात काही उरत नाही. तरी आठवड्यातून एकदा मी जुन्या नाशकातल्या त्या गल्लीपाशी बसमधून उतरतो. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची टपरी, दोन बाकांचं चहाचं दुकान आणि त्याला लागून जुन्या पाठ्यपुस्तकांचं दुकान. त्या दुकानातल्या काकांमुळे मी पदवीधर झालो, आमच्या घरातला पहिलाच.

तेव्हा येवल्याकडच्या शाळेतून कॉलेजसाठी नाशकात आलो होतो. काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "पुस्तक पाहिजे की पास व्हायचंय?"

"पास व्हायचंय."

त्यांनी मागच्या फळीवरून अर्थशास्त्राची प्रत काढली. कुण्या जुन्या विद्यार्थिनीने पेन्सिलीने पानोपानी खुणा केल्या होत्या. एका समासात लिहिलं होतं, 'हे नाही कळलं तरी चालेल.' त्या ओळीने मला वर्षभर धीर दिला. अशा प्रती काका विकत नसत. वाचायला देत आणि परीक्षा झाली की परत घेत.

आमच्या शाळेत पुस्तक स्वच्छ ठेवणाऱ्याला शाबासकी मिळायची. म्हणून परत करण्याआधी मी दोन दुपारी बसून एकूण एक खूण खोडून काढली.

काकांनी पानं चाळली. "अरे बाबा, हे काय करून ठेवलंस?"

शेजारी ओझरची एक मुलगी उभी होती. या विषयात दोनदा नापास झालेली, याच प्रतीसाठी आठवडाभर थांबलेली. "आता विषय राहिला तर घरचे पुढे शिकवणार नाहीत," ती काकांना म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

मी स्टूल ओढलं. "आठवतंय तेवढं परत करून देतो."

"आठवतंय ना? मग तू पास झालास," काका म्हणाले आणि पेन्सिल पुढे केली.

तीन दिवस तिथे बसून होतो. बोटं आखडली. समासातली ती ओळ मात्र सगळ्यांत आधी लिहिली.

मुलगी पास झाली, तिने प्रत परत आणून दिली, हे काकांनीच सांगितलं. पुढे अभ्यासक्रम बदलला. आता ती प्रत कुणी मागत नाही आणि काकाही गल्ल्यावर बसल्या बसल्या पेंगतात.

परवा मी ती सहज उघडली. माझ्या ओळीखाली दुसरं अक्षर होतं, 'मलाही नाही कळलं.'

"रद्दीत घालू का?" काकांनी डोळे न उघडता विचारलं.

"राहू द्या," म्हणालो. प्रत फळीवर ठेवली आणि बसथांब्याकडे निघालो.