दोन बियांची कोरांटी

नारायणराव सर जन्मभर डेमॉन्स्ट्रेटरच राहिले. माझ्यामुळे.

आज त्यांचं वर्षश्राद्ध. सकाळपासून हे तीनदा लिहून पुसलं. तरी लिहितो.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मद्रासच्या एका कॉलेजात मी बॉटनीचा अटेंडर. शिक्षण आठवी.
वाळलेली झाडं जाड कागदावर गोंदाने चिकटवायची, वर दोऱ्याचे टाके घालायचे. त्याला शीट म्हणत.

सर तंजावरचे मराठी. तीन वर्षं कोरांटीच्या मागे होते. आमच्याकडच्या कोरांटीच्या फळात चार बिया. वंडलूरच्या टेकडीवर सरांना एक सापडली, तिच्यात दोनच.
"ही वेगळी जात आहे, शामा. अजून कोणी नोंदली नाही."

तिचं शीट माझ्याकडे आलं. फळं जेमतेम तीन. फार ओकंबोकं दिसत होतं.
सरांचं शीट भरलेलं दिसावं म्हणून मी शेजारच्या गठ्ठ्यातली एक फांदी लावली. तीही कोरांटीच. मला वाटलं, काय बिघडतं.

तपासताना आमच्या विभागाच्या हेडनी सगळ्यांसमोर फळं फोडली.
"राव, एका फांदीला दोन बिया, दुसरीला चार. दोघींना एकाच घरात नांदवताय की काय?"
सगळे हसले.

मी दारात. नोकरी टेंपररी.
सरांनी शीट जवळ घेऊन पाहिलं. टाके माझे होते, त्यांना कळलं.
"शीट मीच लावलं, सार."

नव्या जातीवरच्या सरांच्या पेपरवर हेडनी सही केली नाही. सरांची बढतीही तिथेच अडली.

संध्याकाळी मी म्हणालो, "सर, मी सांगतो त्यांना."
"सांगून काय? तुला काढतील. सरि, ठीक आहे, जा घरी. आई वाट बघत असेल."

काही वर्षांनी तीच कोरांटी दुसऱ्याच कोणीतरी नवी जात म्हणून छापली. आमच्याच हेडनी त्यांना हार घातला.
सरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.
तोवर मी पर्मनंट झालो होतो. तरी बोललो नाही.

गेल्या वर्षी सरांच्या अंत्यविधीला एक जुने प्राध्यापक म्हणाले, "माणूस हुशार, पण निष्काळजी."
सरांची मुलगी कमला शेजारीच होती. तिने मान खाली घातली.
मी चपला शोधत राहिलो.

कमला, तुझे अप्पा निष्काळजी नव्हते. ती फांदी मी लावली. हे वाचून माझ्याशी बोलणं सोडलंस तरी चालेल. पण त्या प्राध्यापकांना हे दाखव.

सर, हे तुमच्या डोळ्यांदेखत लिहायला हवं होतं.
शेवटचा नमस्कार.