टीव्हीवरच्या पाहुण्याची आमटी

दगडाबाई आमच्या गारखेड्यात माझं धरून चार घरचा स्वयंपाक करते. दिवसभर दुसऱ्यांच्या शेगड्यांपुढे उभं राहून पाय सुजतात, आणि घरी जावं तर तिथंही टीव्हीवर कोणीतरी फोडणीच घालत असतो. "टीव्हीतून कांद्याचा वास येत नाय ताई, हेच नशीब," असं ती म्हणते.

हा टीव्ही तिच्या नवऱ्यासाठी, बिभीषणसाठी. खुलताबादच्या डोंगरात मेंढरांमागं तो जन्मभर तंबाखू चघळत हिंडला आणि शेवटी त्याच तोंडाचं ऑपरेशन झालं. जबडा आखडला, तिखट बंद झालं. आता नुसती पेज, तीही मानेवर हात ठेवून सावकाश गिळायची. आणि दिवसभर खाटेवर पडून बघतो काय, तर स्वयंपाकाचे कार्यक्रम! ज्याला खाता येत नाही त्यानं दुसऱ्याचं खाणं बघायचं, ही कसली करमणूक? मला तर चीड येते. पण दुपारच्या कार्यक्रमात शेफ शिवराजनं घास घेऊन डोळे मिटले की बिभीषणही मिटतो. जेवायला घरी येऊन शेजारी बसलेली दगडाबाई तेवढ्यात आपली भाकरी उरकून घेते.

तर हा शिवराज आमच्या शेजारच्या योगिनीकडे शूटिंगला येणार असं ठरलं. घरोघरी जाऊन गावाकडचे पदार्थ चाखायचे, असा त्याचा कार्यक्रम. योगिनीनं येसरची आमटी कळवली होती. येसर म्हणजे धान्य आणि मसाले भाजून दळलेलं पीठ, एवढंच तिला ठाऊक. आमटी करणार दगडाबाईच. ऑपरेशन झाल्यापासून दगडाबाईनं ती घरी केली नव्हती. नवऱ्यासमोर भुरके कसे मारायचे? बिभीषणनं मात्र तिला बजावलं, "त्यो खाऊन काय म्हणतो ते नीट ऐकून ये. मंग मला समदं सांग." तिला एवढंच हवं होतं, शिवराजनं पोटभर खावं आणि ते घरी जाऊन सांगता यावं.

येसरची आमटी आमच्याकडे लग्नाच्या पंगतीतली. ती वाटीभरच करायची, हे दगडाबाईच्या गावीही नव्हतं. कॅमेरावाले, लाइटवाले, सगळे पाहुणेच की! तिनं मोठं पातेलं भरून केली. मीही बघायला गेले होते. शूटिंगला एक वाटी पुरली, बाकीच्यांनी आपापले डबे उघडले. ती वाटीही वाट बघून गार झाली, मग चकाकी यावी म्हणून कोणी वरून तेल सोडलं. शिवराजनं भाकरी बुडवून घास घेतला, डोळे मिटले, "वा, लग्नाची पंगत आठवली!" म्हणाला. कॅमेरा थांबताच त्यानं वळून तोंडातला घास कागदी रुमालात काढला. दिवसभर अशी किती घरं करणार तो. मला त्याचा धड रागही येईना. दाराशी उभ्या दगडाबाईनं ते पाहिलं आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

घरी जाऊन तिनं सांगितलं, "वाटी चाटूनपुसून खाल्ली. वर अजून मागितली." बिभीषण नुसता हसला.

महिन्याभरानं तो भाग लागला. पुढचं तिनंच मला पोळ्या लाटता लाटता सांगितलं.

शिवराजनं डोळे मिटले. त्या दिवशी बिभीषणनं मिटले नाहीत. म्हणाला, "त्यानं गिळलं नाय."

"तुमाला काय कळतंय?"

"मला दुसरं काम काय हाय? लोकायच्या नरड्याकडंच बघत असतो. त्यो कधीच गिळत नाय."

"मंग रोज त्याच्यासंगं डोळे कामून मिटता?"

"मी बघत असलो की तुला घास उतरत नाय. म्हणून."

दगडाबाईच्या हातातली भाकरी हातातच राहिली. इतके दिवस तिला वाटायचं, याला टीव्हीतून चव लागते.

त्या संध्याकाळी तिनं घरी येसरची आमटी केली. बिभीषणनं डोळे मिटून घेतले. आवाज होऊ नये म्हणून तिनं वाटी अलगद ओठाला लावली, तर तो डोळे न उघडताच म्हणाला, "भुरका मार की. ऐकू दे."